पाव सेकंदाची थबक

औषधांच्या दुकानात दम्याच्या पंपावर पिवळी पट्टी लागलेली दिसली आणि ऋजुता माळवदेनं ती दोनदा वाचली.

एरवी पिवळी पट्टी म्हणजे कऱ्हाडात आनंदाची गोष्ट. पट्टी लागली की समजायचं, या वस्तूच्या कारखान्यातून लोकांचा पैसा निघाला. कारखान्याला एकवीस दिवसांची मुदत असे. तेवढ्यात वारं फिरलं नाही तर तो बंद, आणि वस्तू बाजारातून कायमची गेली. मागच्या दिवाळीत चमकीच्या कागदाला पट्टी लागली तेव्हा बाजारपेठेत पेढे वाटले होते. ऋजुतानं दोन खाल्ले होते.

तिच्या मागं उभे असलेले एक गृहस्थ वाकून पट्टी वाचू लागले. खांद्याला तागाची पिशवी, चेहरा हसरा.

"चला, हेही गेलं एकदाचं," ते म्हणाले. "केवढा घाण वायू भरलेला असतो त्यात."

ऋजुताला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. तिची जुई पाच वर्षांची होती आणि त्या पंपावर जगत होती. अटॅक आला की दहा मिनिटांत पोरीचे ओठ निळे पडायचे. रुग्णालय वीस मिनिटांवर होतं. भुकटी ओढायचं निर्धोक यंत्र बाजारात मिळे, पण त्यातली भुकटी छातीत जायला माणसाला स्वतःच जोरानं श्वास ओढावा लागतो. श्वासच अडकलेल्या पाच वर्षांच्या मुलीनं तो कुठून आणायचा? पंपात तसं नव्हतं. त्यातला दाबलेला वायू औषध आपणहून आत ढकलायचा. तोच वायू पुढं हवेत जाऊन उष्णता धरून ठेवायचा, आणि सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं. वाफेच्या यंत्रात घालायचं औषधही त्याच कारखान्यात व्हायचं. देशात तसा कारखाना उरला होता एकच.

"वहिनी, एक घेऊन ठेवा," औषधवाला हळूच म्हणाला. "घरटी एकच द्यायचा नियम आलाय. एकशेवीस फवारे आहेत त्यात. जपून वापरा."

दमा काय जपून येतो? ऋजुतानं पंप पिशवीच्या पुढच्या कप्प्यात टाकला आणि जवळजवळ पळतच घर गाठलं.

आता ही पट्टी लागते कशी, ते सांगायला हवं. जुईच्या जन्माआधी माणसांनी एक मोठा गमतीदार उद्योग चालवला होता. विम्याच्या, पेन्शनच्या, बचतीच्या प्रत्येक अर्जावर एक प्रश्न असे: तुमचे पैसे पर्यावरण जपणाऱ्या उद्योगांतच गुंतवायचे का? शंभरातले नव्वद जण ठसठशीत 'हो' लिहायचे. मग तेच नव्वद जण संध्याकाळी बाजारात जाऊन जे स्वस्त आणि झगमगीत असेल ते पिशवीत कोंबायचे. लबाड नव्हती हो माणसं. जिभेला खरंच पृथ्वीची काळजी होती, हाताला नव्हती, आणि दोघांची गाठ कधी पडत नव्हती. पैशानं कुणाचं ऐकायचं, जिभेचं की हाताचं?

पुण्यातल्या मेंदूवैज्ञानिक डॉ. गौतमी मिराशी यांनी याचं उत्तर काढलं. वस्तूवर नजर टेकते आणि तिच्याकडं हात निघतो, या दोहोंमध्ये किती वेळ जातो, हे त्या मोजत होत्या. मनात वस्तूबद्दल काहीच नसेल तर हात लगेच निघतो. पण आत कुठंतरी दोन बाजू उभ्या राहिल्या, हवंय पण बरं नव्हे असं काही झालं, तर हात पाव सेकंद अडतो आणि बुबुळ किंचित मोठं होतं. माणसाला स्वतःला याचा पत्ताही नसतो. या अडण्याला बाईंनी साधा मराठी शब्द दिला: थबक.

मग दुकानांतल्या प्रत्येक कप्प्याशी हरभऱ्याएवढा एक डोळा बसला. तो थबक मोजायचा. एकेका माणसाची नोंद कुलूपबंद असे आणि ज्याची त्यालाच बघता येई. बाहेर जायची ती गावाची सरासरी. साऱ्या देशाचं माप घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून चाळीस नमुना-गावं निवडली. कुठल्या वस्तूपाशी ही गावं जास्त थबकतात ते बघून देशभराचा विम्याचा, पेन्शनचा आणि बचत गटांचा पैसा तिच्या कारखान्यातून आपोआप बाहेर वाहायचा. अर्ज नाही, सभा नाही, भाषण नाही.

आणि खोटं कशाला बोला, फायदा झाला. बारा वर्षांत कृष्णा-कोयनेच्या संगमावर तळाचे गोटे दिसू लागले. चैत्रात माणसं पुन्हा गच्चीवर झोपू लागली. कऱ्हाड नमुना-गाव होतं, आणि वेशीवर तशी कमानच होती. ऋजुताला त्या कमानीचा मनापासून अभिमान होता. तिचं दुकानही तिच्या विचारांना शोभणारंच होतं: मिक्सर, पंखे, इस्त्र्या, लोक टाकायला निघालेलं सगळं ती दुरुस्त करून द्यायची. नवरा संग्राम पाटणच्या पवनचक्क्यांवर कामाला होता, आठवड्यानं घरी यायचा.

तर या गावात, आणि फक्त याच गावात, एक रीत पडली होती. कृष्णाई बचत गटाच्या रूपालीकाकू पिसाळ यांनी ती सुरू केली. काकू जुन्या अंगणवाडी सेविका. जेवायच्या आधी पानाभोवती पाणी फिरवतात, तसं त्यांना बाजारासाठी काहीतरी हवं होतं. म्हणून ठरलं की कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी हात तिच्यापाशी न्यायचा, मनात तीन अंक मोजायचे, ती कुठल्या मातीतून, कुठल्या धुरातून आली ते आठवायचं, आणि मगच उचलायची. बघता बघता सगळा गाव तीन अंक मोजू लागला. परगावचे लोक चेष्टा करायचे, की कऱ्हाडकर भेंडी घेतायत का नवस बोलतायत तेच कळत नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऋजुतानं ही रीत हौसेनं शिकवली होती. जुईलाही.

म्हणून पट्टी पाहताच तिला कारण सापडलं. संध्याकाळी ती थेट काकूंच्या ओसरीवर गेली. गटाच्या बायका जमल्या होत्या.

"काकू, आपल्या तीन अंकांनीच घात केला. औषध घेतानाही आपण थांबतोय. डोळ्याला वाटतंय, आपल्याला पंप नकोसा झालाय."

रूपालीकाकूंचा हात तोंडावर गेला. "आगं आई! आन् म्या तर दुकानात उभं राहून पोरास्नी शिकवलंय, औषिद घेताना बी मोजा म्हनून."

"सगळ्यांनीच केलंय. आता उलटं करायचं. उद्यापासून प्रत्येकीनं दुकानात जायचं आणि पंप झटकन उचलायचा. विकत नाही घेतला तरी चालेल, उचलून परत ठेवा. मोजायचं नाही, विचार करायचा नाही."

"इचार न्हाई करायचा, एवढंच ना?" काकू पदर खोचत म्हणाल्या. "त्ये काय अवघड न्हाई. लगीन केलं तवा तरी कुटं केला हुता?"

बायका हसल्या. ऋजुताही हसली.

पुढचे नऊ दिवस कऱ्हाडात एक अजब तमाशा चालला. पन्नास-साठ बायका रोज औषधाच्या दुकानात शिरायच्या आणि घारीनं झडप घालावी तसे पंप उचलायच्या. काकूंनी पहिल्याच दिवशी अख्खा खोका खाली पाडला. पट्टीवर उरलेले दिवस आणि गावाचं थबकमान, म्हणजे थबकेची सरासरी, असे दोन आकडे दिसत. दिवस घटत गेले. थबकमान जागचं हललं नाही. दहाव्या दिवशी तर ते एका घरानं वर चढलं. त्या नऊ दिवसांत जुईला दोनदा अटॅक आला, आणि पंपावरच्या एकशेवीसचे चौऱ्याण्णव झाले.

ऋजुतानं जुईला काकूंकडं ठेवलं आणि सकाळची पुण्याची बस धरली. जुई तिला डोळ्यांआड होऊ द्यायला तयार नव्हती. पंप काकूंच्या हाती देताना ऋजुतानं तो कसा दाबायचा ते चारदा सांगितलं. वाटेत ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. एका गावाच्या भाबड्या रीतीमुळं यंत्राची चूक झाली आहे, ती सुधारा, एवढंच सांगायचं होतं. चूक दाखवली की शहाणी माणसं ती दुरुस्त करतात, असा तिचा पक्का समज होता. तिचा धंदाच तो.

डॉ. मिराशी साठीपुढच्या होत्या. बारीक अंगाच्या, पायांत घरातल्या सपाता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, स्वतः चहा केला आणि कप ऋजुतासमोर ठेवला.

"तुमचे तीन अंक आम्हाला ठाऊक आहेत," त्या म्हणाल्या. "पहिल्याच महिन्यात लक्षात आलं. ठरवून थांबलेला हात दर वेळी एकाच मापानं थांबतो. यंत्र ते थांबणं मोजतच नाही."

"आणि आम्ही झटकन उचलत होतो ते?"

"तेही ठरवून केलेलं. तेही वगळलं जातं."

ऋजुतानं उचललेला कप तसाच हातात धरला. "मग मोजता काय तुम्ही?"

"त्याच्या आधीचं. तुम्ही अंक मोजायला लागण्यापूर्वी, हात उचलायचा हे तुमचं तुम्हाला कळण्यापूर्वी जे होतं, ते. ते तुमच्या ताब्यात नसतं, म्हणून तर ते खरं."

"म्हणजे यंत्र चुकलेलं नाही?"

"नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडीवर केळी विकत होतं. ऋजुतानं खुर्ची पुढं ओढली.

"बाई, पण औषध आहे हो ते. औषधं वगळा ना सगळ्यातून!"

"सुरुवातीला वगळली होती. मग लोकांनीच ओरड केली. म्हणाले, औषधाच्या नावाखाली वाटेल ते खपवतील. चाळीस गावांनी सह्या पाठवल्या, की एकही वस्तू वगळू नका. तुमच्या गावाच्या सगळ्यात जास्त होत्या."

ऋजुताला ते कागद आठवले. दुकानाच्या फळीवर पसरून तिनंच ते लोकांपुढं सरकवले होते.

"कोण थबकतंय पंपापाशी?" तिनं विचारलं. "ज्यांच्या घरात दमा नाही ते लोक, नाही का? आमच्या बायका गेले नऊ दिवस हात लावतायत, पण एरवी तिथं जातंय कोण? तो तागाच्या पिशवीवाला…"

"दम्याचा पंप कोण विकत घेतं, सांगा बरं. ज्याच्या घरात दमा आहे तोच. लहान मुलांचा पंप बहुतेक आयाच घेतात."

ऋजुतानं कप खाली ठेवला.

"मला माझी नोंद बघायची आहे."

"बघू नका," डॉ. मिराशी म्हणाल्या. "तुमचा हक्क आहे, मी नाही म्हणू शकत नाही. पण वडीलकीच्या नात्यानं सांगते, बघू नका. मी माझी एकदा बघितली. त्यानंतर बारा वर्षांत मी दुकानाची पायरी चढले नाही. शेजारीण आणून देते ते वापरते."

"दाखवा."

पडद्यावर एक रेघ उमटली. डावीकडं जुई दहा महिन्यांची होती तेव्हाचा पहिला पंप. तिथं रेघ जमिनीला चिकटून होती. नजर टेकताच हात निघालेला. वर्षभर तशीच. मग कधीतरी पंपाच्या खोक्यावर छापून येऊ लागलं, की यातला वायू म्हणजे मोटारीनं कऱ्हाडहून पुण्याला जाऊन यायचा धूर. तिथून रेघ हळूहळू उचलत गेली. दर पंपाला थोडी, अगदी थोडी. मागच्या महिन्याच्या टोकाशी आकडा होता: सत्तावीस शतांश सेकंद.

"ही भीती आहे," ऋजुता घाईघाईनं म्हणाली. "पंप घेताना मला दर वेळी भीती वाटते. पोरीला काही होईल म्हणून. भीतीनं हात अडतोच ना?"

"भीतीत बुबुळ फार लवकर मोठं होतं. ती ओळखू येते. ती वजा करूनच ही रेघ काढलेली आहे."

"मग ही कशाची?"

"तोलण्याची."

"काय तोललं मी?" ऋजुताचा आवाज चिरकला. "कशाशी काय तोललं? सांगा ना!"

"ते यंत्राला कळत नाही, बाळ. दोन बाजू होत्या, एवढंच कळतं. एका बाजूला काय आणि दुसऱ्या बाजूला कोण, ते तुमचं तुम्हालाच माहीत."

"मला नाही माहीत!"

"कुणालाच नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "मला वाटलं होतं, माणसाची सदसद्विवेकबुद्धी सापडली. मोजली की ती कामाला लावता येईल. ती कुठं थांबते ते बघायचं मला सुचलंच नाही. ती थांबतच नाही हो. कागदापाशी, कापडापाशी थबकायला शिकवा, ती पुढं पुढं जात राहते."

"आता काय करायचं?"

"अकरा दिवस आहेत. चाळीस गावांतल्या आया पंप बघून खरोखरच थबकल्या नाहीत, तर पैसा परत येईल. पण न थबकायला शिकवता येत नाही. शिकवलं की ते ठरवून केलेलं होतं."

परतीच्या बसमध्ये ऋजुता आपल्या उजव्या हाताकडं बघत बसली होती. याच हातानं ती पोरीची वेणी घालायची. एका रणरणत्या दुपारी, अंगणातला कडुनिंब वाळत चाललेला बघून, तिच्या मनात काही आलं होतं का? जगात माणसं फार झाली, असं काही? कुणाचा श्वास किती महाग पडतो, असं काही? तिनं आठवून आठवून पाहिलं. आठवलं नाही. आठवलं नाही म्हणून तिची भीती कमी झाली नाही, उलट वाढली. आपल्या आत एक बाई बसली आहे, ती आपल्याला न विचारता हिशेब करते, आणि तिचा हिशेब सगळा देश ऐकतो, हा विचार तिला सोडेना. साताऱ्याला गाडी थांबली तरी ती हाताकडंच बघत होती.

ती काकूंकडं पोचली तेव्हा दिवस मावळायला आला होता. जुई आईला बघून फाटकापर्यंत धावत आली, आणि धावली तिथंच घात झाला. आधी कोरडा खोकला आला, मग छातीत घरघर सुरू झाली. फाटकापाशीच ती खाली बसली. गळ्याच्या खाली खड्डा पडू लागला.

"पंप!" ऋजुता ओरडली. "काकू, पंप कुठाय?"

"ह्यो बग, हितंच हाय, ओटीवर!" काकू जुईला उचलून ओटीवर घेऊन आल्या.

पंप चटईवर पडला होता, निळा, मुठीएवढा. ऋजुताची नजर त्यावर टेकली, आणि त्याच क्षणी तिला आठवलं की आपण आता बघितलं. आता हात निघतोय का? निघाला का? आज इथं डोळा नव्हता, कुणी मोजत नव्हतं. ती स्वतःच मोजत होती.

मग हातात पंप होता. तो शेजारच्या, लहान मुलांना फवारा ओढायला लागणाऱ्या नळकांड्याला लावून तिनं जुईच्या तोंडाशी धरला. एक फवारा. "ओढ, बाळा, ओढ." दुसरा. तिसरा. काकू पोरीची पाठ चोळत देवाचं नाव घेत होत्या. खूप वेळ काहीच झालं नाही. मग घरघर थोडी खाली आली, ओठांवरचा निळा रंग पुसट होत गेला, आणि जुईनं एक लांब श्वास ओढून सोडला.

ऋजुता तिथंच भिंतीला टेकून रडू लागली. जुई तिच्याकडं टक लावून बघत होती. अटॅकमध्ये पोरीला बोलता यायचं नाही, हलता यायचं नाही. ती फक्त आईच्या हातांकडं बघत राहायची. दहा महिन्यांची असल्यापासून तिला त्या हातांची एकूणएक हालचाल पाठ झाली होती.

"आई, तू थांबलीस," जुई म्हणाली.

"नाही गं राणी. मी लगेच घेतला."

"थांबलीस. मी बघितलं."

"आगं, घाबरलीया पोर," काकू मध्ये पडल्या. "काईबाई बोलतीया. आई कशापायी थांबंल गं सोन्या?"

जुईनं काकूंना उत्तर दिलं नाही. तिनं हात पुढं केला, आईच्या बोटांमधून पंप सोडवून घेतला आणि आपल्या फ्रॉकच्या खिशात घातला.

"माझ्याजवळच राहू दे," ती म्हणाली.

मग खिसा मुठीत घट्ट धरून ती उठली, आणि काकूंच्या पलीकडच्या अंगाला, आईचा हात पोचणार नाही अशा जागी जाऊन बसली.